उजवीकडे फिरणारी लेन्स

मला 'नाही' म्हणायला वेळ लागतो. मनात ते लगेच तयार होतं, पण घशातून वर चढून ओठांवर येईपर्यंत समोरचा माणूस 'मग ठरलं तर' म्हणत उठलेला असतो. या एका दोषापायी आमच्या घरात व्यायामाची सायकल आली, दोन विमा पॉलिस्या आल्या आणि एक पोपट आला. (लग्नही असंच ठरलं, असं माझा मेहुणा म्हणतो. ते खोटं आहे. तिथे मी 'हो' म्हणत होतो. फक्त तेही इतक्या सावकाश म्हणत होतो, की मुलगा बोलू शकतो ना, असं मुलीच्या वडिलांनी माझ्या काकांना बाजूला घेऊन विचारलं.)

कॅमेऱ्याची कंपनी बदलली तीही अशीच.

मी फोटोग्राफर. घराची पुढची खोली हाच माझा स्टुडिओ. मागे स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली. आमच्या बरोबर खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यामुळे माझी बरीच गिऱ्हाइकं गाल सुजलेला असताना जिना चढतात आणि 'एवढी बाजू येऊ देऊ नका' म्हणतात. चाळीस वर्षं मी एकाच कंपनीचा कॅमेरा वापरला. तो जुना झाला की त्याच कंपनीचा पुढचा घ्यायचा. लेन्सा मात्र त्याच. चार लेन्सा होत्या. त्यांच्यावरचे आकडे माझ्या बोटांनी पुसून काढले होते, पण मला आकडे लागत नव्हते.

मग एक दिवस कॅमेरा खोकायला लागला. बटण दाबलं की 'खट' व्हायचं, थोडा विचार करायचा, आणि मग पुन्हा एकदा 'खट' व्हायचं. दुरुस्तीवाल्याने कानाशी धरून ऐकलं आणि मान हलवली.

"काका, याचे सुटे भाग येणं बंद झालंय. चालेल तोवर चालवा."

हे मी मेहुण्यासमोर बोललो ही माझी चूक. मेहुणा निवृत्त आहे. निवृत्त माणसाला दिवसभर इतरांची कामं दिसत असतात.

"भाऊजी, कंपनीच बदला!"

"पण माझ्या लेन्सा..."

"लेन्सा पण देऊन टाका. जुनं सगळं घेतात, नवं सगळं देतात. माझ्या पुतण्याने बदलली. काय सांगू तुम्हाला, लग्नातसुद्धा इतका खूश नव्हता तो!"

"ते खरं, पण हाताला..."

"मग ठरलं तर," म्हणून तो उठलाच.

दुकानदाराने माझ्या चारही लेन्सा काचेवर ओळीने मांडल्या आणि एकेक उचलून ट्यूबलाइटकडे धरून आरपार बघितली. आपली मुलं दुसऱ्याच्या घरी परीक्षेला बसली आहेत आणि आपल्याला बाहेर थांबवलंय, तसं मला वाटलं. चारही पास झाल्या. मी त्यांच्याकडे पाहून थोडा हसलो. मेहुण्याने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

नवा कॅमेरा चांगला होता, हे आधीच सांगतो. पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही.

घरी येऊन मी लेन्स लावायला घेतली. ठिपक्याला ठिपका जुळवायचा आणि डावीकडे फिरवायची. फिरेना. जरा जोर लावला. फिरेना. माहितीचं पुस्तक काढलं. त्यात चित्र होतं आणि चित्रात बाण होता. बाण उजवीकडे.

माझ्या जुन्या कंपनीची लेन्स डावीकडे फिरवली की बसायची. नव्या कंपनीची उजवीकडे फिरवली की बसते. एवढंच असतं तर ठीक होतं. लांबचं जवळ आणायचं कडंही उलट फिरायचं. आणि उजेड कमी-जास्त करायची जी पट्टी असते, तिच्यातलं अधिक-वजाही उलट! जुन्या कॅमेऱ्यात जिकडे उजेड वाढायचा, तिकडे नव्यात तो कमी होतो. जन्मभर ज्या घरात राहिलो ते कुणीतरी रात्रीतून आरशात नेऊन ठेवावं, तसं झालं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक बँकेतले साहेब. पासपोर्टचा फोटो हवा होता. साहेब गोरे, पाठीमागे पांढरा पडदा. उजेड जरा जास्त वाटला म्हणून मी कमी केला. तो वाढला. आणखी कमी केला. तो आणखी वाढला. शेवटी साहेबांच्या हातात कागद दिला.

त्यांनी तो खिडकीकडे धरून पाहिला.

"काका, हा घरी दाखवला तर मंडळी रडायला लागतील."

"अजून थोडा कमी करून बघू का?" मी म्हटलं.

पुढच्या फोटोत नुसता चष्माच आला.

एरवी मी हे सगळं हळूहळू शिकलो असतो. मला हळूहळू सगळं येतं. पण त्याच आठवड्यात बाईंच्या फोटोचा विषय निघाला.

बाई म्हणजे माझी बायको. प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. सगळं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. मी सातवीपर्यंत शिकलो, तीही दोनदा बसून. स्टुडिओच्या पाटीवर मी 'फोटोगाफर' लिहून घेतलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी बाईंनी खुर्चीवर चढून 'ग' ला खडूने रफार दिला, मग 'रफार नव्हे, खाली तिरकी रेघ' असं स्वतःशीच म्हणत तो पुसला आणि रेघ दिली. मी खाली खुर्ची धरून उभा होतो. मला तेव्हाच वाटलं, आपलं बरं चाललंय.

तर बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. शाळेच्या कार्यालयात भिंतीवर आधीच्या पाच मुख्याध्यापकांचे फोटो आहेत. एकाला नुसत्याच मिशा आहेत, तोंड दिसत नाही. एक बाहेर कुठेतरी बघताहेत. चौथ्या बाईंना फोटोच्या वेळी शिंक येणार होती, ती अजून आलेली नाही. सहावा खिळा मारून तयार होता.

"शाळा मोठ्या फोटोग्राफरला बोलवत होती," बाई चहा पिताना म्हणाल्या. "मी सांगितलं, आमच्या घरात आहे."

माझं बिस्कीट चहात पडलं.

"अहो, छत्तीस वर्षांत तुम्ही माझा एक नीट फोटो काढलेला नाही."

हे खरं होतं. कारण मी फोटो काढत असलो की बाई शेजारी दिवा धरून उभ्या असायच्या. सुट्टीच्या दिवशी जिथे काम असेल तिथे माझ्याबरोबर यायच्या आणि हात वर करून तासन् तास उभ्या राहायच्या. त्यामुळे आमच्या घरातल्या फोटोंत त्या आहेत, पण तुकड्यातुकड्यांनी. कुठे बोटं, कुठे सावली. आमच्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मुलीची आई कोपरापर्यंत आहे.

"त्या भिंतीवर एकदा लागले की लागले," बाई म्हणाल्या. "मग तिथून कुणी हलवणार नाही. तेव्हा फोटो तुम्हीच काढायचा. वाईट आला तरी चालेल."

त्यांनी कप खाली ठेवला आणि थोडा विचार केला.

"पण वाईट यायला नको."

फ्रेमवाल्याला शनिवारी संध्याकाळपर्यंत फोटो हवा होता. तो दिवस होता मंगळवार. बँकेतल्या साहेबांचा चष्म्याचा फोटो अजून टेबलावरच होता. मी तो बाईंना दाखवला आणि उजव्या-डाव्याची सगळी हकिकत सांगितली.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांची शिकवणी उभी राहिली.

"सोपं आहे. डब्याचं झाकण कसं लावता?"

"उजवीकडे."

"नळ बंद कसा करता?"

"उजवीकडे."

"मग जगात सगळं उजवीकडेच बंद होतं. तुमचा जुना कॅमेरा तेवढा उलटा होता. आता लेन्स डब्याच्या झाकणासारखी लावायची, झालं!"

ऐकायला हे सोपं होतं. पण माझ्या हातात दोन कायदे होते. कॅमेरा असेल तर डावीकडे, आणि बाकी सगळं जग असेल तर उजवीकडे. चाळीस वर्षांत हाताने हे कायदे एकदाही मोडले नव्हते.

बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा बरण्या मांडल्या. साखर, मीठ, पीठ, चहा, झाडून सगळ्या. मधे कॅमेरा आणि लेन्स. एक बरणी लावायची, मग लेन्स लावायची. परत पुढची बरणी, परत लेन्स. म्हणजे हाताला कळेल की दोन्ही एकच. त्या समोर बसल्या.

"उजवीकडे," बाई म्हणाल्या.

मी फिरवलं.

"अहो, उजवीकडे."

"उजवीकडेच फिरवलं."

"ही डावी बाजू आहे."

"माझी. तुझी उजवी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. आता यात माझी काय चूक? चाळीस वर्षं मी समोर माणूस बसवून 'मान जरा उजवीकडे' म्हणत आलो. ते त्याचं उजवीकडे असतं. समोर कुणी बसलं की माझं उजवं-डावं मी त्यालाच देऊन टाकतो. (लग्नानंतर बाकीचंही बरंच दिलं, पण त्याबद्दल तक्रार नाही.)

"मी तुमच्या शेजारी येऊन बसते," बाई म्हणाल्या.

शेजारी बसल्या तर मला संकोच वाटायला लागला आणि झाकण हातातून सुटलं.

शेवटी त्यांनी उजवं आणि डावं हे दोन्ही शब्द बंद केले. "एकच शब्द लक्षात ठेवा. उलट. कॅमेरा हातात घेतला की हाताला जे वाटेल, त्याच्या उलट करायचं. म्हणा."

"उलट."

"मोठ्याने."

"उलट!"

बुधवार आणि गुरुवार मी घरभर 'उलट, उलट' म्हणत हिंडलो. पोपटानेही ते उचललं. आणि लेन्स बसायला लागली! पहिल्यांदा दहात चार वेळा, मग दहात सात वेळा. बाईंनी कॅलेंडरवर लाल पेनाने बरोबरची खूण केली.

अडचण एवढीच झाली, की माझ्या हाताने 'कॅमेरा हातात घेतला की' हा भाग ऐकलाच नाही. त्याने फक्त 'उलट' ऐकलं.

गुरुवारी बाईंनी साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण त्यांच्या हातात आलं, बरणी खाली आणि साखर चार दिशांना.

"झाकण कुणी लावलं होतं?"

"मी."

"लावलं होतं का काढलं होतं?"

"लावताना काढलं गेलं असेल."

शुक्रवारी सकाळी शाळेला निघताना बाई दाराशी उभ्या राहिल्या.

"अहो, दार बाहेरून बंद केलंय का कुणी?"

"थांब, मी उघडतो."

मी किल्ली फिरवली. मग आणखी फिरवली.

"अहो, उघडत का नाही?"

"मी उघडतोय ना, म्हणून."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा बाई प्रार्थना सुरू झाल्यावर शाळेत पोचल्या. मुलं मागे वळून बघत होती म्हणे. मला दिवसभर वाईट वाटलं.

शनिवार उजाडला. सोसायटीने टाकी धुवायला काढली होती, पाणी अकरानंतर येणार होतं. बाई दहाच्या आधीच तयार होऊन आल्या. राखाडी रंगाचे साधे कपडे, केस मागे बांधलेले, चष्मा पुसलेला. स्टुलावर ताठ बसल्या. दिवा धरायला कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरातलं बरण्यांचं कपाट रिकामं करून स्टुडिओत ओढून आणलं, दिवा त्यावर ठेवला, आणि बरण्या तिकडेच सिंकमध्ये ठेवल्या. लेन्सला हात लावायच्या आधी मी नेहमी हात धुतो. नळ फिरवला, पाणी नव्हतं. मग आठवलं, टाकी. नळ बंद केला. फडक्याला हात पुसले आणि बाहेर आलो.

(वाचकांपैकी जे हुशार आहेत त्यांनी इथे घाईघाईने काही बोलू नये. मलाही तेव्हा सगळं ठीकच वाटलं होतं.)

"बस," मी म्हटलं.

"बसलेलीच आहे."

"हनुवटी थोडी खाली. मान जरा उजवीकडे."

"कुणाच्या?"

"तुझ्या. तुझ्याच."

मी फोटो काढत गेलो. काढताना मनात एकच चाललं होतं. उलट. उजेड जास्त वाटतोय? उलट. जवळ घ्यायचंय? उलट. आता आपण उलट केलं का, का उलट्याचं उलट केलं? प्रत्येक वेळी हात काहीतरी करायला निघायचा आणि मी त्याला अडवून दुसरंच करायला लावायचो. बारा-पंधरा फोटो झाल्यावर बाई उठून आल्या आणि कॅमेऱ्यामागच्या काचेत बघायला लागल्या.

"यात मी कुठे आहे?"

"ही काय. हा तुझा चष्मा."

"आणि यात?"

"यात तू आहेस. फक्त जरा अंधार आहे."

"हा कान कुणाचा?"

"तुझाच. कडं उलट फिरलं."

बाईंनी सगळे फोटो पाहिले. त्या रागावतील असं मला वाटलं, पण रागावल्या नाहीत. परत जाऊन स्टुलावर बसल्या आणि मांडीवरच्या हातांकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "राहू दे. त्या मोठ्या फोटोग्राफरला फोन करते. दुपारपर्यंत येईल तो. तुमच्याकडूनच हवा होता, पण... राहू दे. त्यात काय एवढं."

त्या रागावल्या असत्या तर मला चाललं असतं. रागाचं मला काही वाटत नाही. पण ते 'राहू दे' मला ओळखीचं होतं. मुलगी लांब राहायला गेली तेव्हा, गुडघे दुखायला लागले तेव्हा, अल्बममध्ये स्वतःचं कोपर दिसलं तेव्हा, प्रत्येक वेळी बाई असंच म्हणाल्या होत्या. राहू दे, त्यात काय एवढं.

त्या फोनकडे हात नेत होत्या.

"नाही," मी म्हटलं.

आम्ही दोघंही दचकलो. आयुष्यात पहिल्यांदा ते वेळेवर बाहेर आलं होतं.

"नाही. बस. मी लांबची लेन्स लावतो. चेहऱ्याचे फोटो त्याच लेन्सने चांगले येतात."

बाई बसल्या. मी पाठ फिरवून लेन्स बदलली आणि वरच्या चकतीवरही काहीतरी फिरवलं. ती नेमकी कशाची चकती आहे हे मला अजून ठाऊक नव्हतं. वळून कॅमेरा डोळ्याला लावणार, तेवढ्यात दाराची घंटी वाजली. दार उघडंच होतं. दारात खालचे दातांचे डॉक्टर. तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढलेली, एक खांदा ओला, हातात दात बघायचा छोटा गोल आरसा.

"काका, तुमचा नळ चालू आहे का?"

"नाही हो. आज पाणीच नाही. टाकी धुताहेत."

"टाकी धुऊन झाली. पाणी आलंय. माझ्याकडे छतातून आलंय."

"छतातून?"

"बरोबर खुर्चीवर. पेशंट आ करून पडलेला आहे. मी त्याच्या तोंडात औषध घालायला वाकलो, तर म्हणतो, डॉक्टर, चूळ भरायची कधी थांबू ते सांगा!"

मी उभाच राहिलो. सिंकमध्ये अकरा बरण्या. एकीचं तरी झाकण भोकावर बसलं असणार. आणि त्यावर नळ. तो नळ मी...

"अहो," स्टुलावरून बाईंचा आवाज आला. हळू, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. या आवाजात त्या हाक मारतात तेव्हा शाळेच्या दुसऱ्या टोकाचं पोरसुद्धा हातातलं खाली टाकतं. "सकाळी नळ बंद केला होतात ना तुम्ही?"

"हो."

"कसा?"

पिंजऱ्यातला पोपट म्हणाला, "उलट!"

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिथे नव्हतो. म्हणजे होतो, पण डोक्यात काहीच नव्हतं, 'उलट'सुद्धा नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की कॅमेरा डोळ्याला गेला, डावा हात कडं फिरवून मोकळा झाला, अंगठ्याने काहीतरी सरकवलं, आणि बटण दाबल्याबरोबर कॅमेरा कट-कट-कट-कट-कट करत सुटला. थांबेचना. (ती चकती सलग फोटो काढायची होती.)

"काका!" डॉक्टर ओरडले. "खाली माणूस बुडतोय आणि तुम्ही फोटो काय काढताय?"

तोवर बाई उठून स्वयंपाकघरात पोचल्याही होत्या. त्यांनी एका हाताने नळ बंद केला. उजवीकडे. पाणी घोट्यापर्यंत नव्हतं, पण चपला तरंगत होत्या. मग तास-दीड तास आम्ही फरशी पुसली. मी फडकं पिळायला घेतलं तर बाईंनी काढून घेतलं. "तुम्ही पिळू नका. तुम्ही पिळलंत तर फडक्यात पाणी जाईल." मी खाली जाऊन पेशंटची माफी मागितली. तोवर त्याचं तोंड बधिर झालं होतं, त्यामुळे तो फारसं बोलू शकला नाही.

दुपारी पाठ टेकून बसलो तेव्हा मी कॅमेरा हातात घेतला. कुठलं तोंड घेऊन बाईंना दाखवायचा ते कळत नव्हतं. काचेत एकोणीस फोटो आले होते.

धुकं नव्हतं. अंधार नव्हता. कान नव्हता. डोळ्यांच्या कडेची बारीक सुरकुतीसुद्धा स्वच्छ दिसत होती. उजेड जितका हवा तितका, ना कमी ना जास्त. एकोणीसही.

मी बराच वेळ बघत राहिलो तेव्हा मला कळलं. हात केव्हाच शिकला होता. कदाचित गुरुवारीच. मग कॅमेरा धरला की तो नीट काम करायला निघायचा, आणि मी वरून 'उलट!' ओरडून त्याला चुकवायचो. डॉक्टरांनी माझं डोकं बंद पाडलं तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याला फोटो काढायला मिळाले.

हे मी बाईंना सांगितलं. त्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

"असं होतं," त्या म्हणाल्या. "विद्यार्थी पास, पालक नापास."

मग त्यांनी सातव्या फोटोवर बोट ठेवलं. त्यात बाई चष्म्याच्या वरून बघत होत्या. भुवया जवळ आल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले होते, पण एक कोपरा घट्ट मिटत नव्हता, तिथे हसू येऊन थांबलं होतं आणि त्याला परवानगी मिळत नव्हती. पाठीमागे स्टुडिओतला पडदा होता, पण बघणाऱ्याला वाटावं आपण आत्ताच खोलीत आलो आणि आपल्यालाच 'कसा?' असं विचारलं जातंय. गेली छत्तीस वर्षं मी रोज ही बाई पाहिली आहे. कागदावर ती कधीच आली नव्हती.

"हाच," बाई म्हणाल्या.

"अगं, पण यात तू रागावलेली आहेस."

"मुख्याध्यापिका आहे मी. भिंतीवरच्या बाकीच्या पाचांना काय झालंय ते कुणालाच कळत नाही. माझं निदान कळेल तरी." आणि थोड्या वेळाने, खोलीत दुसरं कुणी नाही हे बघून, "चांगला काढलात हो."

मी मान हलवली. मग फडक्याने कॅमेरा पुसायला घेतला.

संध्याकाळी आम्ही दोघं चालत फ्रेमवाल्याकडे गेलो. फोटो माझ्या हातात होता, माझ्या कोपराला बाईंनी धरलं होतं.

सोमवारी शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. फोटो सहाव्या खिळ्यावर लागला. मुलं रांगेने कार्यालयासमोरून जाताना आत बघत होती आणि फोटोपाशी आली की आपोआप गप्प होत होती. एका मुलाने शर्ट खोचला. मेहुणाही आला होता. भेटेल त्याला तो सांगत होता, "कंपनी मी बदलायला लावली."

नव्या मुख्याध्यापकांना फोटो फार आवडला. चहाच्या वेळी सगळे शिक्षक जमले असताना ते म्हणाले, "बाई, ही नजर म्हणजे तुमची एकतीस वर्षांची नोकरी आहे. राग आहे, आणि रागाखाली केवढी माया! फोटोच्या वेळी कुणाकडे बघत होतात?"

"आमच्या एका मुलाकडे," बाई म्हणाल्या.

"फार खोडकर?"

"छे. गुणी आहे. फक्त एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते."

"मग पुढच्या वर्गात गेला का?"

"नाही हो. अजून माझ्याकडेच आहे. मी निवृत्त झाले तरी त्याला काही सोडता यायचं नाही."

सगळ्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. नव्या मुख्याध्यापकांचे डोळे पाणावले. ते माझ्याजवळ आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काका, तुम्ही पाहिलंय का हो त्या मुलाला?"

"पाहतो की," मी म्हटलं. "रोज. दाढी करताना."